दुसऱ्या मजल्यावरची दहावी

आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्गाबरोबर चढतो. आठवी तळमजल्यावर, नववी पहिल्यावर आणि दहावी दुसऱ्या मजल्यावर. आठवीत जो वर्ग हातात येतो तो दहावीची बोर्डाची परीक्षा देईपर्यंत आपला. ही पद्धत कुणी सुरू केली मला ठाऊक नाही, पण ज्यानं केली त्याला शिकवण्यातलं कळत होतं. पहिलं वर्ष पोरं आपल्याला तपासण्यात घालवतात, दुसरं वर्ष आपण त्यांच्या जुन्या खोडी मोडण्यात घालवतो, आणि खरं गणित सुरू होतं ते तिसऱ्या वर्षी. जूनमध्ये स्टाफरूममध्ये एकमेकींना विचारतात, "आप इस साल चढ़ रही हैं क्या?" जी दुसऱ्या मजल्यावर जाणार असते ती जरा ताठ बसते, मग गुडघे कितीही दुखत असोत.

त्या जूनमध्ये मी चढणार होते. शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात शिक्षकांना बोलावतात, तेव्हा मी सगळ्यांसाठी आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, घेऊन गेले. पुडा अजून हातातच होता आणि माझी नजर हिरव्या फळ्यावरच्या वेळापत्रकाकडे गेली. दहावी ब, गणित, यापुढे यंदाच लागलेल्या नव्या सरांचं नाव. माझ्या नावापुढे पुन्हा आठवी आणि नववी.

दोन वर्षं मी डाळ निवडली, भिजवली, पाट्यावर वाटली. आणि तळायच्या वेळी कढईसमोर दुसराच माणूस उभा. हे मी आजही विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

असं का झालं ते मला कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. फेब्रुवारीतल्या पालकसभेत एक गृहस्थ भर वर्गात मला म्हणाले होते, "मैडम, आपका तरीका पुराना है. कोचिंग वाले सर भी यही बोलते हैं." मी म्हटलं, "तो अगली बार मीटिंग में कोचिंग वाले सर को ही बिठा लीजिए. मैं घर जाकर रोटी बना लूँगी." बाकीचे पालक हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. शाळेच्या कमिटीत त्यांची ऊठबस होती हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी तेच बोलले असते.

मी काही आयती या खुर्चीवर येऊन बसलेली नाही. वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते आणि घरात खाणारी तोंडं बरीच होती. बी.एस्सी.चा खर्च मी विहाराच्या मागच्या खोलीत पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पोरांच्या शिकवण्या घेऊन काढला, बी.एड.चा चौबे कॉलोनीत घरोघर जाऊन. घासाघीस मी तिथेच शिकले. "मैडम, दो बच्चे हैं, एक का ही लगा लीजिए न," असं एक बाई म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, "दीदी, जूते भी दोनों के लिए एक ही जोड़ी लेती हैं?" दोघांचे लागले. त्या बाई पुढे कितीतरी वर्षं मला दिवाळीला फराळ पाठवत होत्या.

शाळेलाही माझ्या या गुणाचा भरपूर उपयोग झालेला आहे. गॅदरिंगचे भाड्याचे कपडे, सहलीची बस, निरोपाची मिठाई, कुठेही भाव करायचा असला की मला पुढे करतात. गोलबाजारातला कपडेवाला मला दुरून पाहूनच गल्ल्यावरच्या भावाला सांगतो, "आ गई मैडम, आज कमाई गई," आणि बसायला स्टूल पुसून देतो.

म्हणून मी प्राचार्यांच्या खोलीत गेले तेव्हा रिकाम्या हातांनी गेले नाही. भनपुरीच्या रस्त्याला नवी कोचिंग उघडली होती. मे महिन्यापासून त्यांचे मला फोन येत होते. मला जायचं नव्हतं, पण समोरच्याला ते कळू द्यायचं नसतं. दुसऱ्या दुकानाचा भाव खिशात असला की पहिल्या दुकानात आवाज चढतो.

आमच्या प्राचार्यांना सगळे बडी मॅडम म्हणतात. शांत बाई. मी म्हटलं, "मैडम, दसवीं बी मेरी है."

"कमेटी का फ़ैसला है."

"तो कमेटी को बता दीजिए, मुझे दूसरी जगह से बुलावा है. पगार ज़्यादा, हॉल में एसी. दसवीं दीजिए, नहीं तो मैं चली."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बधाई हो," म्हणाल्या. "शनिवार तक इस्तीफ़ा दे दीजिए, तो मैं नई टीचर देखना शुरू करूँ."

बाजारात असं झालं की आपण उठायचं. चार पावलं गेलो की मागून हाक येतेच. मी उठले, दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि पदर सावरायच्या निमित्तानं थांबले. हाक आली.

"मैडम!"

मी सावकाश वळले.

"दरवाज़ा बंद करते जाइए. कूलर की हवा निकल रही है."

स्टाफरूममध्ये ताई एकटीच बसली होती. ताई म्हणजे आमची हिंदीची शिक्षिका. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, वर्धेकडच्या मराठी घरातली. सगळ्या शाळेची ती दीदी, माझी ताई. तिच्याकडे गणपती बसतात, माझ्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर होते, आणि दोन्ही घरचे डबे त्याच टेबलावर उघडतात. आम्ही दोघी आपसांत घरचं बोलायला लागलो की बाकीच्या बाया म्हणतात, "लो, इनका नागपुर शुरू हो गया."

पण स्वभावानं ती माझ्या अगदी उलट. तिच्या तोंडी एकच शब्द, हव, म्हणजे हो. कुणी रजेवर गेलं की त्याचा तास दुसऱ्याच्या गळ्यात मारतात, त्याला आमच्याकडे अरेंजमेंट म्हणतात. ते तास रोज ताईला मिळतात, कारण विचारलं की ती हव म्हणते. बाजारात मुनग्याच्या शेंगांचा भाव विचारते, तो सांगतो तेवढे देते आणि वर "धन्यवाद भैया" म्हणते. एकदा तिनं घेतलेला मुनगा मी तिच्या पिशवीतून काढून परत केला होता. ती लाजून दुसऱ्या गाड्याकडे बघत उभी राहिली होती.

"काय झालं वं?" तिनं विचारलं.

"चालली मी, ताई. शाळा सोडून."

"खरंच चालली का भाव करून राहिली?"

"भावच करून राहिली होती. त्याईनं हो म्हनलं."

"अगं बापा!" ताईनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "आता मग?"

"आता काय? शनिवारी कागद देतो अन् जातो. मी काय पाया पडू का त्याईच्या?"

"पाया नको पडू. आलूगुंडा खाय."

घरी नवऱ्याला सांगितलं तर त्याला आनंदच झाला. तो सिलतऱ्याच्या कारखान्यात फोरमन आहे, भट्टीजवळून घरी येतो आणि त्याला शांतता लागते. "बरं झालं," तो म्हणाला. "शाळेतली सगळी भांडनं तू घरी आनून माह्याशी भांडतं. आता पगार तरी वाढंल."

मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता बोलली, "पापा, मम्मी वहाँ भी लड़ के आएगी. दो दिन में."

"काहून?" मी विचारलं. "मले का शौक हाय का भांडायचा?"

नवरा आंघोळीला गेला आणि मुलगी चार्जर शोधायला उठली.

कोचिंगवाल्यांनी गुरुवारी नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं. माणसं चांगली होती, मी खोटं बोलणार नाही. थंडगार हॉल, पांढरा फळा, पाणी प्यायला काचेचा ग्लास. कॉलरला माइक लावला. मी दोन चलांची समीकरणं घेतली. माझाच आवाज मागच्या भिंतीवरून मला परत येत होता. पोरं वेगवेगळ्या शाळांतली, खुर्च्यांना नंबर. मी पहिल्या रांगेतल्या एकाला नाव विचारलं, तर दाराशी उभा असलेला मॅनेजर अदबीनं म्हणाला, "मैम, नाम पूछने में टाइम जाता है."

मी पुढे शिकवत राहिले. पण मला सवय आहे चेहरे बघत शिकवायची. माझ्या दहावी ब मध्ये (मी माझीच म्हणणार) एक मुलगी आहे, तिचे वडील भनपुरीत ट्रक चालवतात. पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना तिचा उणे हरवतो, आणि हरवला की ती छताकडे बघते, जणू तो पंख्यावर जाऊन बसलाय. एक मुलगा आहे, त्याला उत्तर आधी येतं आणि पायऱ्या सुचत नाहीत. एक आहे तो समजल्यावरही "नहीं समझा" म्हणतो, कारण दुसऱ्यांदा सांगताना मी गोष्ट जोडून सांगते आणि त्याला ती ऐकायची असते. या सगळ्यांना ओळखायला मला दोन वर्षं लागली. त्या हॉलमध्ये कुणीच छताकडे बघत नव्हतं. सगळे फळ्याचा फोटो काढत होते.

तास संपल्यावर मॅनेजरनं कोल्ड कॉफी दिली आणि पगाराचा आकडा सांगितला. मी सवयीनं वाढवून मागितला. तो लगेच हो म्हणाला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तिथे कशाचीच तक्रार करायला जागा नव्हती. पगार ठीक, खुर्ची ठीक, हवा ठीक, माणसं गोड. दुपारी डबा कुठे खातात विचारलं तर म्हणाला, "सब अपना-अपना टाइम देखकर खा लेते हैं, मैम."

शिक्षक नोकरीत खूश असतो का, कशानं असतो, यावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज वाद होतात. कुणी म्हणतं पगार वेळेवर मिळाला की झालं. कुणी म्हणतं मधल्या सुट्टीनंतरचा तास नको. कुणाला डोक्यावर पंखा असलेली खुर्ची हवी असते. बडी मॅडमनी पोरांसमोर बोलू नये, आत बोलवून काय ते बोलावं, असं तर सगळ्यांनाच वाटतं. मीही यातलं सगळं मागितलेलं आहे आणि बरंचसं भांडून मिळवलेलं आहे. पण त्या गुरुवारी रिक्षात बसून परत येताना माझ्या डोक्यात पगार नव्हता आणि पंखाही नव्हता. दहावी ब ला त्रिकोणमिती कोण शिकवणार आणि त्या मुलीचा उणे कोण शोधून देणार, एवढंच होतं. आणि तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा कसा, ते काही सुचत नव्हतं. अशा वेळी काय करायचं हे मला कुणी शिकवलेलंच नाही.

शुक्रवारी मी राजीनाम्याचा कागद पर्समध्ये घालून शाळेत गेले. ताई जागेवर नव्हती. बराच वेळ आली नाही. आली ती बडी मॅडमच्या खोलीतून, गाल लाल झालेले, नव्या नवरीसारखी.

"झालं तुह्यं काम," ती म्हणाली.

"कायचं काम?"

"मिळाली दहावी ब. मी मोलभाव केला."

"तू?"

"मी. चांगला अर्धा घंटा केला."

"म्हणजे नव्या सरांची काढली?"

"नाही, थे त्याईचीच हाय. तुले झिरो पिरेड देल्ला."

झिरो पिरेड म्हणजे प्रार्थनेच्या आधीचा तास. कच्च्या पोरांना लवकर बोलावून शिकवायचं. तो वेळापत्रकात धरत नाहीत, आणि कुणी शिक्षक आपण होऊन तो घेत नाही.

"मग माझी आठवी सुटली?"

"नाही ना. आठवी हाय, नववी हाय. हे वरतून."

"त्याचे जास्तीचे पैसे?"

"थे मी इचारलंच नाही वं."

"ताई, बदल्यात काय दिलं ते सांग."

ताईनं साडीच्या निऱ्या नीट केल्या. "गॅदरिंग. अन् सहल. दोन्ही तुह्या नावावर लावलं."

"अजून?"

"अन् वर्षभर तुह्या वाटच्या अरेंजमेंट मी घेईन म्हनलं. थे ऐकून त्याईले लई बरं वाटलं."

"आणि माझा राजीनामा? कोचिंग? ते तरी ताणून धरलं का?"

"मी त्याईले सांगून देल्लं," ताई अभिमानानं म्हणाली, "मैडम, वो कहीं नहीं जा रही, उसको तो मोलभाव की आदत है. तर त्या हासल्या. म्हणे, मुझे भी मालूम है, पर वो खुद बोले तब न."

मी इतकी चिडले की शेजारच्या वर्गात टेबलं लावणारा शिपाई दारात येऊन उभा राहिला. सगळे पत्ते समोरच्यासमोर उघडे करून ठेवायचे, मागितलेलं सगळं देऊन टाकायचं, न मागितलेलंही द्यायचं, आणि घरी काय आणायचं तर फुकटचा तास! असा सौदा माझ्या अख्ख्या आयुष्यात कुणी केला नव्हता, मुनगेवाल्यानंसुद्धा ताईला इतकं लुटलं नव्हतं. हे सगळं मी तिला ऐकवलं. ती डब्याचं झाकण काढत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं लाल भाजी झाकणात वाढून माझ्यापुढे ठेवली.

"पर पोट्टे तर मिळाले ना?" ती म्हणाली.

मी भाजी खाल्ली. ताईचे आधीचेच तास तिला पेलत नव्हते, संध्याकाळी तिचा घसा बसलेला असायचा. आता त्यात माझे. आणि तिच्या तोंडावर असं समाधान, जणू तिनं बाजार लुटून आणला. मला आयुष्यात भावासाठी पुढे करणारे पुष्कळ भेटले. माझ्यासाठी भाव करायला हीच एकटी गेली, आणि तिला तो येत नव्हता.

"सकाळी किती वाजता असतो झिरो?" मी विचारलं.

"हव म्हन आधी."

"हव."

तो कागद मी फाडला आणि कोचिंगवाल्यांना फोन करून नाही सांगितलं. मॅनेजर तेव्हाही गोडच बोलला.

शाळा उघडली त्या आठवड्यात मी सकाळी दुसऱ्या मजल्यावर गेले. पोरं एकेक करून येत होती, कुणाच्या डोळ्यांत झोप, कुणाच्या तोंडात अजून चील्याचा घास. ती भनपुरीची मुलगी पहिल्या बाकावर बसली आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"मैडम, आप तो कोचिंग चली गई थीं न?"

"कौन बोला?"

"सब बोले."

"गई थी. देख के आ गई. वहाँ माइनस गुमाने वाला कोई मिला नहीं. चल, कॉपी निकाल."

वर्गात खरं तर फक्त कच्च्या पोरांनी यायचं होतं. एकदोन पक्कीही येऊन मागे बसली. मी त्यांना हाकललं नाही.

बोर्डाचा निकाल लागेल तेव्हा फळ्यावर गणितापुढे नव्या सरांचं नाव असेल. कमिटी त्यांना हार घालेल आणि मी खाली बसून टाळ्या वाजवेन. हे मला पटलेलं नाही. कुणी विचारलं तर मी अजूनही सांगते, ती दहावी माझी होती. पण नव्या सरांबद्दल मला राग धरता आला नाही. मी प्रयत्न केला. बिचाऱ्याच्या गळ्यात तीन वर्ग आणि वर शाळेचं सगळं पोर्टल, एकेका पोराची माहिती भरायची, ती भरता भरता त्याचं जेवण राहून जायचं.

जुलैमध्ये एका सकाळी झिरो पिरेड चालू असताना तो दारात आला. हातात लॅपटॉप, केस विस्कटलेले.

"मैम, एक बात पूछनी थी. ज्योमेट्री में बच्चे मेरे साथ चल नहीं रहे. आप झिरो में करा देंगी क्या?"

माझ्या जिभेवर हो आलं होतं. मी ते गिळलं आणि खडूची धूळ झटकत बसले.

"झिरो में कैसे होगा, सर? यहाँ तो थोड़े से बच्चे आते हैं. ज्योमेट्री पूरी क्लास को चाहिए."

"तो फिर?"

"अपना बुधवार का पीरियड दे दीजिए."

त्याचा चेहरा एकदम हलका झाला. "ले लीजिए, मैम."

इतक्या लवकर सोडतोय म्हणजे आणखी सुटेल, हे मला लगेच कळलं. "एक पीरियड में प्रमेय भी पूरा नहीं होता," मी म्हटलं. "शुक्रवार भी लगेगा."

तो विचारात पडला. लॅपटॉप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. वर्ग अगदी चिडीचूप, कुणी वहीत बघत नव्हतं.

"ठीक है. शुक्रवार भी."

पहिल्या बाकावरून ती भनपुरीची पोट्टी पुढे वाकली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मैडम, शनिवार भी माँग लो."

मी तिला डोळे वटारून गप्प केलं. मग सरांकडे वळले आणि शनिवारही मागितला.